चित्राखाली नाव कोणाचे?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास गोदाकाठच्या एका गावातून पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आमच्या सरकारी रुग्णालयात आणले. रात्रीची लाइट, म्हणून उसाला पाणी द्यायला गेले होते. बांधावर घोणस चावली. पोटरीवर नायलॉनची दोरी इतकी घट्ट आवळलेली, की खालचा पाय जांभळा पडला होता. जखमेवर ब्लेडने दोन चिराही दिलेल्या.

"दोरी कोणी बांधायला सांगितली?" मी विचारले. मुलाने लगेच मोबाईल पुढे केला. "मॅडम, यात असंच काढलंय की."

खरेच तसेच काढले होते. सुबक, रंगीत चित्र. सापाचे दात, त्याच्यावर आवळलेली दोरी, शेजारी ब्लेड. आज वैद्यकशास्त्र ज्या तीन गोष्टी करू नका म्हणते, त्यातल्या दोन त्या चित्रात होत्या. तिसरी, म्हणजे तोंडाने विष ओढणे, तेवढी राहिली होती.

घट्ट दोरीने पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि विषामुळे होणारी तिथली इजा वाढते. चिरा दिल्या तर घोणसीच्या दंशात रक्त थांबता थांबत नाही. बांधलेली दोरी झटकन सोडणेही धोक्याचे असते, म्हणून सलाईन आणि औषधे तयार ठेवून आम्ही ती सावकाश सोडली. काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनंतरही गोठले नव्हते. सर्पविषावरची लस सुरू केली. माणूस वाचला. पायाची जखम भरायला मात्र कित्येक आठवडे लागले आणि ऐन हंगामात घर बसून राहिले.

ड्युटी संपल्यावर मी ते चित्र पुन्हा पाहिले. खाली काढणाऱ्याचे नाव नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरचे नव्हते, तारीखही नव्हती. सकाळी बाहेर पडताना आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवरच्या सर्पदंशाच्या चित्राकडे नजर गेली. ते चित्र अगदी बरोबर आहे. ते कोणी काढले हे मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तिथे उभी होते. पण नाव त्याच्याखालीही नाही. चुकीचे चित्र निनावी आणि बरोबर चित्रही निनावी. मग साध्या माणसाने दोन्हींतला फरक ओळखायचा कसा?

ग्रे यांचे पुस्तक, कार्टर यांची चित्रे

चित्र काढणाऱ्याला विसरण्याची खोड वैद्यकशास्त्राला जुनी आहे. 1543 मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ आला आणि या शास्त्राचे रूपच बदलले. त्यातली अप्रतिम चित्रे नेमकी कोणी काढली, यावर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहे. पण मला जवळची वाटते ती दुसरी कथा, कारण तिचा अर्धा भाग महाराष्ट्रात घडला.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला परीक्षेसाठी आम्ही चौरसियांचे पुस्तक पाठ करत असू. पण लायब्ररीत एक जाडजूड ग्रंथ असे, त्याचा सगळ्यांना धाक. 'ग्रेज अॅनाटॉमी'. जगभरच्या डॉक्टरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. 'ग्रे' म्हणजे हेन्री ग्रे, लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधले तरुण सर्जन. इतके आम्हाला माहीत होते. त्यातली चित्रे कोणाची, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही आणि कोणी विचारलाही नाही.

ती चित्रे हेन्री वॅनडाइक कार्टर यांची. जन्म 1831, वडील चित्रकार. कार्टर स्वतः डॉक्टर होते आणि त्याच हॉस्पिटलात शरीररचना शिकवत. दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष शवविच्छेदन केले. ग्रे यांनी लिहिले, कार्टर यांनी काढले. 1858 च्या पहिल्या आवृत्तीत 363 चित्रे होती. तेव्हा छपाई लाकडी ठोकळ्यांवरून होई. ठोकळ्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, म्हणून डावा हात उजवा आणि उजवा डावा करून, आरशात दिसावे तसे काढावे लागे. ज्यांच्या देहांवरून हे काम झाले ती लंडनमधली गरीब, बेवारस माणसे होती. त्यांची नावे तर कुठेच नाहीत.

कार्टर यांनी एक गोष्ट अशी केली, की विद्यार्थ्यांचे अर्धे काम हलके झाले. त्या काळच्या पुस्तकांत चित्रावर अ, ब, क अशी बारीक अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ खाली किंवा दुसऱ्या पानावर शोधावा लागे. कार्टर यांनी नाव थेट त्या त्या भागावर लिहिले. धमनीचे नाव धमनीच्या वळणाने, स्नायूचे नाव स्नायूच्या अंगावर. डोळा चित्रावरून हलतच नाही. पाहणे आणि पाठ होणे एकदमच. पुस्तक इतके का चालले, याचे मोठे कारण ही चित्रेच आहेत.

आता व्यवहार पाहा. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे 150 पौंड मिळायचे ठरले. कार्टर यांना एकदाच 150 पौंड, पुढे काही नाही. मुखपृष्ठानंतरच्या नावाच्या पानाची कच्ची छपाई ग्रे यांच्याकडे आली तेव्हा कार्टर यांचे नाव त्यांच्या नावाच्या बरोबरीने छापले होते, खाली नव्या नोकरीचा हुद्दाही होता. ग्रे यांनी पेन घेतले, हुद्द्यावर काट मारली आणि नावाचा टाइप लहान करायला सांगितले. त्यांनी दुरुस्त केलेली ती पाने जपून ठेवलेली असल्यामुळे हे आज आपल्याला कळते.

आणि तो काट मारलेला हुद्दा कोणता? 'ग्रँट मेडिकल कॉलेज, मुंबई येथील शरीररचनेचे प्राध्यापक'.

मुंबई, सातारा, परत मुंबई

पुस्तक लंडनच्या दुकानात आले तेव्हा कार्टर मुंबईत येऊन काही महिने झाले होते. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम केले. नंतर बरीच वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. पुढे मुंबईला परतून ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्राचार्यपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. जवळपास तीस वर्षे ते या भागात राहिले.

इथे त्यांनी काय केले, हे आम्हा ग्रामीण डॉक्टरांना विशेष जवळचे वाटेल. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. महिन्या-वर्षांनी पाऊल सुजून दगडासारखे होते, त्याला अनेक तोंडे पडतात आणि त्यातून पुवाबरोबर बारीक कण येतात. या रोगाला 'मदुरा फूट' किंवा मायसेटोमा म्हणतात. आजही असा एखादा रुग्ण समोर येतो. या रोगामागे बुरशी असते हे कार्टर यांनी मांडले आणि 1874 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. 1877 च्या दुष्काळात उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. तेव्हा रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्या जंतूच्या भारतातल्या प्रकाराला पुढे कार्टर यांचेच नाव मिळाले. कुष्ठरोगावरही त्यांनी मोठे काम केले. 1888 मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि 1897 मध्ये क्षयाने गेले.

म्हणजे एका जंतूवर त्यांचे नाव आले. ज्या पुस्तकाने जगाला शरीर दाखवले, त्याच्या पाठीवर मात्र ते कधी आले नाही. मला स्वतःला ही कथा पदवीनंतर वीसेक वर्षांनी कळली. हा माणूस आपल्याच राज्यात राहून, आपल्याच लोकांचे रोग तपासून गेला, हे कळल्यावर थोडी लाजच वाटली.

मुंबईची आणखी एक गंमत सांगते. जमशेटजी जीजीभाय या एकाच दात्याच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले (1845) आणि कलाशिक्षणाचे जे. जे. स्कूल ऑफ आर्टही (1857). एका घरच्या या दोन लेकी. पण डॉक्टर आणि चित्रकार यांची एकत्र शिकवणी म्हणावी तशी आपल्याकडे कधी रुजलीच नाही.

लाल त्रिकोण, मीना आणि करडा गोळा

वाचकांपैकी चाळिशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, कुटुंब नियोजनाचे चिन्ह कोणते? 'लाल त्रिकोण' हे उत्तर लगेच येईल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीपासून एसटीच्या पाठीपर्यंत तो सगळीकडे होता. टोक खाली असलेला साधा लाल त्रिकोण. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ओळखता येईल, गावच्या रंगाऱ्यालाही पट्टी लावून काढता येईल आणि कोणत्याही भाषेत चालेल. पुढे इतर काही देशांनीही तो घेतला. हे चिन्ह 1960 च्या दशकात पुढे आणले ते केंद्र सरकारच्या कुटुंब नियोजन खात्यात प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या दीप त्यागी यांनी. 1969 मध्ये, चाळिशीतच, ते वारले. अमेरिकेतल्या एका कुटुंब नियोजन संस्थेने आपल्या नावात त्यांची आद्याक्षरे ठेवली आहेत. आपल्याकडे त्रिकोण घरोघरी पोहोचला, त्यागी कोणाच्या गावी नाहीत.

दुसरे उदाहरण 'मीना' या कार्टूनचे. 1990 च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ते केले. चुणचुणीत मीना, भाऊ राजू आणि मिठू पोपट. आंब्याच्या वाटणीचा त्यातला भाग मला फार आवडतो. भावाला जास्त खायला मिळते, कारण म्हणे तो जास्त काम करतो. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि खरे काय ते राजूला कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) आपल्या देशात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या तर द्यायच्याच. पण ताटातली वाटणी बदलायला गोळी कामाची नाही, तिथे मीनाच लागते.

मीनाला आकार दिला राम मोहन यांनी. 1956 मध्ये ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांच्याकडे तिथे शिकले. हातांनी काढलेल्या अॅनिमेशनमध्ये सेकंदाला 24 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी दाखवले, तरी एका मिनिटाला 720 चित्रे होतात. मुख्य कलाकार महत्त्वाच्या हालचाली काढतो आणि मधली शेकडो चित्रे त्याचे सहकारी भरतात. राम मोहन यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 2019 मध्ये ते गेले. निदान त्यांचे नाव जाणकारांना तरी माहीत आहे. मधली चित्रे भरणाऱ्यांची नावे शेवटच्या पाटीवर सर्रकन सरकून जातात आणि तेवढ्यात जाहिरात लागते.

तिसरे चित्र तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असेल. करडा गोळा आणि त्यावर उभे लाल काटे. कोरोनाचे ते चित्र जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन वैद्यकीय चित्रकारांनी सुमारे आठवड्याभरात तयार केले. विषाणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो, प्रकाशाच्या लहरीहूनही लहान, त्यामुळे त्याला स्वतःचा रंगच नसतो. लाल आणि करडा हे त्यांनी निवडलेले रंग. त्यांनी न दिसणाऱ्या शत्रूला चेहरा दिला, म्हणून 'हाताला काहीतरी लागलेले असू शकते' हे आपल्या मनात ठसले. त्या वर्षी दिवसातून दहा वेळा पाहिलेल्या या चित्राच्या चित्रकारांची नावे आज कदाचित आपण पहिल्यांदाच वाचत असाल.

भिंतीवर दोरी का नाही?

आता आमच्या भिंतीकडे येते. काही वर्षांपूर्वी आरोग्य संदेशांची चित्रे काढायला तालुक्यातलेच एक पेंटर आले होते. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, गणपतीची सजावट, सगळे करणारे. मी त्यांना सांगितले, "साप चावल्यावर दोरी बांधायची नाही, एवढं ठळक दाखवा. दोरी काढा आणि वर लाल फुली मारा."

ते ब्रश हातात धरून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, फुली मारली तरी दोरी दिसणारच. घाईत माणूस दोरी आधी पाहतो, फुली मागून. काढूच नाही तर?"

मी चकित झाले. आरोग्यशिक्षणाच्या पुस्तकांत पाने खर्चून सांगितलेली गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली होती. शेवटी त्यांनी जे काढले ते असे: चावलेला पाय सरळ ठेवून लाकडी फळीला सैलसर फडक्याने बांधलेला, माणूस आडवा, दोघे त्याला गाडीत ठेवताहेत, मागे दवाखान्याची पाटी आणि 108 हा आकडा. दोरी नाही, ब्लेड नाही, मांत्रिकही नाही.

शेजारी जुलाबावरच्या ओआरएसचे चित्र होते. पुडीवर एक लिटर लिहिलेले असते, पण "एक लिटर म्हणजे किती?" हे त्यांनी मला विचारले. मी मापाचे भांडे म्हटले. ते म्हणाले, "ते कोणाच्या घरात आहे?" आणि त्यांनी विकतच्या पाण्याची बाटली काढली, जी आता वाडी-वस्तीवरही पोहोचली आहे. त्यावर पुडी पूर्ण उलटी करून रिकामी होताना दाखवली. कारण घरोघरी अर्धी पुडी ग्लासात आणि अर्धी उद्यासाठी असा प्रकार चालतो. प्रमाण चुकले, की औषध कमी पडते किंवा मीठ जास्त होते. लहान बाळाला हा फरक मोठा असतो. शब्दांसोबत योग्य चित्र दिले, की रुग्णाला सूचना जास्त समजतात आणि जास्त दिवस लक्षात राहतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण 'योग्य' हा शब्द महत्त्वाचा, आणि तो चित्रकाराच्या निरीक्षणातून येतो.

काम झाले, बिल निघाले. बिलात एकच ओळ होती: भिंत रंगवणे, इतके चौरस फूट. खाली फासलेला निळा रंग आणि विचार करून काढलेला तो पाय, दोन्हींचा दर एकच. कार्टर यांच्या 150 पौंडांची आठवण मला त्यामुळेच येते.

नाव असल्याने काय होते?

काही जण म्हणतील, आपल्याच जिल्ह्यातली अजिंठ्याची चित्रे कोणी काढली हे कुठे माहीत आहे? तरी ती अमर आहेतच. खरे आहे. पण एखाद्याने आपणहून नाव न लिहिणे वेगळे आणि दुसऱ्याने पेनाने ते खोडणे वेगळे. शिवाय आरोग्याच्या चित्राचे काम निराळे आहे. ते पाहून माणूस लगेच काहीतरी करतो. दोरी बांधतो, पुडी घोळतो, औषध घेतो. अशा चित्रामागे कोणीतरी जबाबदार माणूस उभा दिसायला हवा.

आता तर मशीनला सांगून क्षणात चित्र करून घेता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये एका परदेशी विज्ञान नियतकालिकात असे यंत्राने काढलेले उंदराच्या शरीराचे चित्र छापले गेले. अवयव अशक्य आकाराचे आणि त्यांची नावे म्हणजे अर्थहीन अक्षरांची जुळणी. जगभर हसे झाले आणि काही दिवसांतच तो लेख मागे घ्यावा लागला. प्रत्येक नस बघून तिच्यावर नाव लिहिणारे कार्टर कुठे आणि हे कुठे! नियतकालिकातली चूक निदान कोणीतरी पकडली. मोबाईलवरून मोबाईलवर फिरणारी चूक कोण पकडणार?

म्हणून आरोग्याचे कोणतेही चित्र दिसले, की त्याच्या कोपऱ्यात तीन गोष्टी शोधा. ते कोणी काढले, कोणत्या डॉक्टरने किंवा संस्थेने तपासले आणि कधी. तारीख का, तर वैद्यकीय सल्ला बदलतो. सर्पदंशात दोरी बांधा, असे जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही होते. आम्हीही शाळेत तेच शिकलो. तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर ते चित्र पुढे पाठवू नका. आणि सर्पदंशापुरते एवढेच लक्षात ठेवा: माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलवू नका, बांधू-कापू-चोखू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथे लस मोफत असते.

शाळा, ग्रामपंचायत, गणेश मंडळ, जे कोणी भिंत रंगवून घेतात किंवा पत्रक छापतात, त्यांनी चित्रकाराचे नाव लिहायला खर्च येत नाही. मदत करणाऱ्यांची, पाहुण्यांची आणि उद्घाटकांची नावे आपण लिहितोच. त्यांच्या खाली एक ओळ आणखी.

यंदा आमची भिंत पुन्हा रंगवायची आहे. त्याच पेंटरना बोलावले. मी म्हणाले, "या खेपेला खाली तुमचं नाव लिहा." ते हसले. "नावाचं काय करायचं मॅडम? मोबाईल नंबर टाकू का? चार कामं तरी येतील."

मी म्हटले, दोन्ही टाका.